जादूचा खर्च कोण भरतो?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरे

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही चौघं मित्र इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत आणि शहराच्या लष्कर भागातल्या एका खोलीवर रात्री बसून गेम बनवतोय. शहर आपल्या ग्वाल्हेरवरूनच घेतलंय. वर लांबलचक किल्ला, खाली बाजारपेठ, आणि किल्ल्याला शत्रूचा वेढा पडलेला. खेळणारा मांत्रिक असतो. त्याच्याकडे अग्नी, जल, वायू असे मंत्र आणि शक्तीची एक निळी पट्टी. मंत्र टाकला की पट्टी उतरते आणि थोड्या वेळाने आपोआप भरते. मित्रांना खेळायला दिला, तर सगळे नुसता अग्नीचा गोळा फेकत बसतात. एकाने तर विचारलं, "असे मांत्रिक असताना राजाला फौज कशाला लागते? आणि किल्ल्यावरचं पाणी संपलं म्हणून लोक रडतायत कशाला, जलमंत्र आहे ना?" आम्ही म्हटलं, जादूच ती, तिला कसला तर्क! पण ते आमचं आम्हालाच पटलं नाही. तर्काला धरून जादू कशी रचायची?
— एक विद्यार्थी, ग्वाल्हेर

उत्तर : त्या मित्राला आधी तुमच्यात पाचवा म्हणून घ्या. त्याने विचारलेल्या दोन प्रश्नांत तुझं अर्धं काम आहे.

जादू म्हटली की निसर्गाचा एखादा नियम मोडणार, हे मान्यच. पण कोणता मोडायचा आणि कोणते शाबूत ठेवायचे, हे तू अजून ठरवलेलं नाहीस. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुला कळेलच. माझा आग्रह असा, की एकच सवलत घे. मन एकाग्र करून मंत्र म्हटला की ऊर्जा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, एवढीच. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, हे तसंच राहू दे. मग प्रत्येक मंत्रापुढे एकच प्रश्न उभा राहतो. याचा खर्च कोण भरतो?

आपोआप भरणाऱ्या निळ्या पट्टीतून कुणाचंच काही जात नाही. खेळणारा चार क्षण थांबतो आणि पुन्हा गोळा फेकतो. यात त्याचा दोष नाही. दुसरं काही करून बघावं असं कारणच तू त्याला दिलेलं नाहीस.

समज, खर्च मांत्रिकाच्या अंगातून जातो. माणूस दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी खातो, म्हणजे सुमारे ८४०० किलोज्यूल. ही तुझ्या मांत्रिकाची दिवसाची शिल्लक. आता कागद घे. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. ६० किलोचा माणूस १०० मीटर वर उचलायला, म्हणजे साधारण पायथ्यापासून किल्ल्याच्या माथ्यापर्यंत न्यायला, सुमारे ५९ किलोज्यूल. या दोन आकड्यांकडे नीट बघ. जितक्या ऊर्जेत माणूस उडत किल्ल्यावर पोचतो, तितक्या ऊर्जेत जेमतेम एक पेलाभर चहाचं पाणी उकळतं! हा हिशेब फळ्यावर मांडला की माझ्या वर्गातली मुलं शून्य कुठे चुकलं ते शोधायला लागायची. शून्य कुठेही चुकलेलं नाही. उष्णता महाग आहे आणि उचलणं स्वस्त.

एवढ्या एका गोष्टीने तुझा गेम बदलतो. अग्नीचे गोळे फेकत सुटलेला खेळाडू दुपारपर्यंत भुकेने कोसळेल. शहाणा खेळाडू तटावरचा धोंडा अलगद उचलेल आणि शत्रूच्या डोक्यावर नेऊन सोडून देईल. आणि वीज? आकाशातून पडणाऱ्या एका विजेत ढोबळमानाने १०० कोटी ज्यूल ऊर्जा धरतात, म्हणजे मांत्रिकाचं जवळपास चार महिन्यांचं जेवण. तेव्हा वीज निर्माण करणं त्याला कधीच जमणार नाही. ढगात तयार असलेल्या विजेची वाट मात्र तो वळवू शकेल, त्यासाठी आधी आभाळात ढग हवेत. म्हणजे वेढा ज्येष्ठात पडलाय की श्रावणात, याला तुझ्या कथेत एकदम अर्थ आला.

फौज कशाला, याचं उत्तरही इथेच मिळतं. भरपूर मंत्र टाकणारा मांत्रिक चार माणसांचं जेवतो. वेढ्यात कोठाराची किल्ली राजाच्या कमरेला असते. एका मांत्रिकाला पोसायचं की चार तिरंदाजांना, हा निर्णय त्याला रोज सकाळी घ्यावा लागेल. हा निर्णय खेळणाऱ्याच्या हातात दे.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या किल्ल्याची सगळी ताकद त्याच्या पाण्यात होती. सूरजकुंड, जौहरकुंड, अस्सी खंबा बावडी ही नुसती बघायची ठिकाणं नव्हेत, वेढ्यात तग धरण्याची ती सोय होती. १२३२ मध्ये इल्तुतमिशने हा किल्ला घेतला तोही दीर्घ वेढ्यानंतरच. तुझा जलमंत्र पाणी शून्यातून काढत असेल, तर या कुंडांना काही अर्थच उरत नाही, आणि वेढ्यालाही नाही. म्हणून पाणी हवेतून काढ. मे महिन्यातली आपली कोरडी हवा, घनमीटरला १० ग्रॅम बाष्प धर. लिटरभर पाण्याला १०० घनमीटर हवा पिळावी लागेल, म्हणजे तीन-चार खोल्यांतली सगळी हवा. जमेल. पण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. साडेसात लिटर पाणी उकळीला आणेल इतकी! ती जाणार कुठे? मांत्रिकाच्या अंगात राहिली तर पहिल्याच लिटरला तो भाजून मरेल.

आणि इथेच तुला तुझा अग्निमंत्र फुकट मिळतो. पाणी काढणाऱ्याच्या शेजारी दुसरा मांत्रिक उभा कर. त्याने ती उष्णता उचलायची आणि तटाखाली शिड्या लावणाऱ्यांवर सोडायची. एकाच्या घागरी भरतात, दुसऱ्याचे गोळे पेटतात, आणि दोघांपैकी एकटा काहीच करू शकत नाही. पाणी काढणारा जखमी झाला की तटावरची आग थांबते. शत्रूच्या हुशार सरदाराला हे कळलं, तर तो कुणावर नेम धरेल? बघ, मी तुला एकही नवा मंत्र दिलेला नाही, तरी लढाईचा डाव तयार झाला. मला या विषयाचं वेड आहे ते यासाठीच. नियम घट्ट असले की गोष्टी आपोआप सुचायला लागतात.

आणखी एक. आज ना उद्या तुमच्यातला कुणीतरी "इथून गुप्त, तिथे प्रकट" हा मंत्र मागणारच. देऊन टाक, पण पृथ्वी फिरते हे विसरू नकोस. आपण सगळे ग्वाल्हेरच्या जमिनीबरोबर पूर्वेकडे सेकंदाला चारशेहून जास्त मीटर वेगाने फिरतोय. दुसऱ्या गावची जमीन जरा वेगळ्या वेगाने, जरा वेगळ्या दिशेला फिरते. ग्वाल्हेरचा वेग अंगात घेऊन माणूस झाशीत प्रकट झाला, तर तो तिथल्या जमिनीच्या मानाने ताशी साधारण १४ किलोमीटर वेगाने फेकला जाईल. खरचटेल, उठून चालू लागेल. तोच वडोदऱ्याला प्रकट झाला तर वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर. वाचणार नाही. लांबच्या प्रवासाला तुला बंदी घालावीच लागत नाही. मांत्रिक टप्प्याटप्प्याने जातील, दर टप्प्यावर गवताच्या गंजी रचून ठेवलेल्या असतील, आणि त्या गंजींचं गाव कुणाच्या ताब्यात आहे यावरून लढाया होतील.

हा सगळा हिशेब रुक्ष वाटत असेल, तर आजीने सांगितलेली कचाची गोष्ट आठव. इतकी काटेकोर जादू मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या. त्यांनी हाक मारली की मेलेला जिथे असेल तिथून येतो. असुरांनी कचाला मारून लांडग्यांना घातलं, हाकेसरशी तो त्यांची पोटं फाडून आला. मग त्यांनी नियमाचीच फट शोधली. कचाला जाळून त्याची राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांच्या पोटात घातली. आता हाक मारली तर गुरू मरतो, नाही मारली तर शिष्य. वाट एकच उरली. पोटातल्या कचालाच विद्या शिकवायची, त्याने पोट फाडून बाहेर यायचं आणि मग गुरूला उठवायचं. प्रत्येक पायरी आधीच्या नियमातून निघते, शेवटी कुणी देव धावून येत नाही. पुढे देवयानीने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मला नाही तर नाही, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. शापातही फट! तुझ्या खेळाडूंना नेमकी अशी फट शोधण्याचा आनंद मिळाला पाहिजे, आणि तो तेव्हाच मिळतो जेव्हा नियम आधी उघड सांगितलेला असतो. हिरण्यकशिपूचा वर घे किंवा अश्वत्थाम्याचं अस्त्र, जे त्याला सोडता येत होतं पण आवरता येत नव्हतं. सगळीकडे हेच दिसेल.

म्हणून उद्या संध्याकाळी एकच कर. पाचजण बसा आणि तुमची जादू काय काय करू शकत नाही त्याची वही लिहा. मग एखादा नवाच प्रसंग काढा, समजा कुंडात कुणी विष कालवलं. मांत्रिक काय करू शकेल ते प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहा. पाचही कागदांवर एकच उत्तर आलं तर नियम पक्के झाले. पाच उत्तरं आली तर प्रोग्रामिंगला अजून हात लावू नका.

प्रश्न : बाई, सगळं असं उलगडून सांगितलं तर जादूत गूढ काय उरलं? आमच्या लहानपणी गोष्टीतल्या जादूगाराची भीती वाटायची, कारण तो काय करेल ते कळत नसे.
— एक आजोबा, मुरार

उत्तर : तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि वरच्या उत्तराशी त्याचं भांडण नाही. जी जादू खेळणाऱ्याच्या हातात आहे ती त्याला पुरती कळलीच पाहिजे, नाहीतर तो खेळतोय कशाशी? जी जादू त्याच्यासमोर उभी आहे, रानातल्या त्या वडाखाली, ती खुशाल अज्ञात राहू द्या. पथ्य एकच. अज्ञात जादूने संकट आणावं, संकटातून सोडवू नये. ब्रँडन सँडरसन नावाच्या अमेरिकन कादंबरीकाराने याच अंगाने एक नियम मांडला आहे. लेखक जादूने पेच जितका चांगला सोडवू शकतो, ते वाचकाला ती जादू किती कळली आहे यावर ठरतं. मला तो तंतोतंत पटतो. तुमच्या जादूगाराची भीती वाटायची, कारण तो राजकन्येला पळवायचा. त्यानेच शेवटी काहीतरी पुटपुटून राजपुत्राला वाचवलं असतं, तर तुम्ही आजीवर रुसला असता.

प्रश्न : मी गाणं शिकते आणि कॉमर्सला आहे. ज्यूल, किलोज्यूल माझ्याच्याने होणार नाहीत. भौतिकशास्त्राशिवाय तर्कशुद्ध जादू होऊ शकते का? मला माझ्या गोष्टीत गाण्याची जादू हवी आहे, पण "दीपक गायला की दिवे लागले" याच्या पुढे जाता येत नाही.
— एक विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

उत्तर : होऊ शकते, आणि तुझ्याकडे तर त्यासाठी माझ्यापेक्षा चांगलं भांडार आहे.

आधी सगळ्यात जुना तर्क सांगते. जगभरच्या टोण्याटोटक्यांचा अभ्यास करून जेम्स फ्रेझर या स्कॉटिश अभ्यासकाने दोन नियम काढले. एक साम्याचा, सारख्याने सारखं घडतं. बाहुलीला टोचलं की ज्याची बाहुली त्याला दुखतं. दुसरा स्पर्शाचा, एकदा जोडलेलं तुटलं तरी जोडलेलंच राहतं. म्हणून केस आणि नखं कुणाच्या हाती लागू देत नसत. हजीऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो, ही आपल्याकडची समजूत सरळ दुसऱ्या नियमात बसते. आता हा नियम ताणून बघ. ते झाड वाळलं आणि त्याच जागी नवं लावलं, तर गुण जमिनीतून त्यात उतरतो का? तू जे उत्तर देशील ते तुझ्या जगाचा कायदा होईल, आणि पुढे त्याला बांधील राहावं लागेल.

पण मी तुझ्या जागी असते तर दीपक-मल्हार सोडून दिले असते. त्या चमत्काराच्या कथा आहेत, त्यांत रचना कमी. रचना आहे ती रागाच्या शास्त्रात. आपल्या माधव संगीत महाविद्यालयात १९१८ पासून भातखंड्यांच्या पद्धतीने हेच शिकवत आलेत. भैरव आणि पूर्वी हे दोन थाट, म्हणजे रागांचे स्वरसाचे, घे. दोन्हींत रे आणि ध कोमल, ग आणि नी शुद्ध. फरक फक्त मध्यमाचा. शुद्ध मध्यम ठेवलास तर पहाटेचा भैरव, तीव्र केलास तर संध्याकाळची पूर्वी. एका स्वराने उजाडतं की मावळतं ते ठरतं! याहून नेटका मंत्र कुणी रचावा?

किंवा भूप आणि देशकार. दोघांचे पाच स्वर तेच, सा रे ग प ध. गंधारावर वजन दिलं की रात्रीच्या पहिल्या प्रहराचा भूप, धैवतावर दिलं की सकाळचा देशकार. म्हणजे तुझ्या गायिकेच्या हातात सामान तेच, पण तिने थांबायचं कुठे यावर परिणाम ठरतो. धैवतावर चुकून रेंगाळली, तर मध्यरात्री कोंबडे आरवायला लागतील. वादी, म्हणजे रागातला मुख्य, स्वर सप्तकाच्या पूर्वार्धात असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरार्धात असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा, हा भातखंड्यांचा ढोबळ नियम तुझ्या गुरूंनी सांगितलाच असेल. त्यावर अख्ख्या जगाचं घड्याळ बसवता येईल. आणि अवेळी गायलेल्या रागाचं मोल काय, हे तू ठरव. माझं मत विचारशील तर खर्च गाणाऱ्याच्या गळ्यातून जाऊ दे. अवेळी पहाट आणली, तर तिच्या सप्तकातला एक स्वर कायमचा जावा. मग किती राग कायमचे बंद झाले ते तुझं तूच मोजशील, आणि वाचकाचा जीव तिथे अडकेल.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुटीच्या दिवशी छोटे गेम बनवतो. प्रत्येक मंत्राचा नियम वेगवेगळा चोख आहे, पण दोन मंत्र एकमेकांवर आदळले की घोळ होतो. ढाल म्हणते सगळा अग्नी अडवीन, बाण म्हणतो कुठलीही ढाल भेदीन. एकदा दोन आरसामंत्र, म्हणजे आलेला मंत्र परतवणारे, समोरासमोर आले आणि गेमच अडकला.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमच्या आधी हा प्रश्न संस्कृतचं व्याकरण रचणाऱ्या पाणिनीला पडला होता. सुमारे चार हजार सूत्रं, आणि एकाच शब्दावर दोन-दोन लागू होतात. त्याच्या व्याकरणपरंपरेतून तीन गोष्टी उचला.

पहिली, सामान्य नियमावर अपवाद मात करतो. कारण अपवादाला मान दिला नाही तर त्याला लागू व्हायला जागाच उरत नाही. "ढाल सगळा अग्नी अडवते" हा सामान्य नियम, "सूर्यास्ताला सोडलेला अग्नी ढाल भेदतो" हा अपवाद. तो जिंकेल.

दुसरी, दोन्ही तुल्यबळ असतील तर "विप्रतिषेधे परं कार्यम्", म्हणजे क्रमाने नंतरचा नियम लागू. तुमच्या ढाल-बाणाची अडचण नेमकी ही आहे. दोघंही "सगळं" म्हणतात, तेव्हा मंत्रांची एक यादी करून क्रम कायमचा ठरवून टाका आणि तो खेळणाऱ्याला दाखवा. मी बाण नंतर ठेवला असता. न भेदली जाणारी ढाल खेळ थांबवते.

तिसरी गोष्ट तुमच्या आरशांसाठी. अष्टाध्यायीच्या, म्हणजे पाणिनीच्या सूत्रग्रंथाच्या, शेवटच्या तीन पादांच्या (भागांच्या) तोंडाशी "पूर्वत्रासिद्धम्" असं सूत्र आहे. तिथून पुढच्या नियमांनी जे घडतं, ते आधीच्या नियमांना दिसतच नाही. तुम्ही आरसामंत्र असाच शेवटच्या टप्प्यात टाका. परतलेला मंत्र "नव्याने टाकलेला मंत्र" म्हणून वरच्या टप्प्याला दिसू देऊ नका. पहिला आरसा परतवेल, दुसऱ्याला परतवण्यासारखं काही दिसणारच नाही, आणि मंत्र ज्याने टाकला त्याच्यावर जाऊन लागेल. आरसा जवळ असतानाही तो लागतो, हे खेळणाऱ्याला पहिल्याच पातळीवर एकदा घडवून दाखवा, म्हणजे पुढे कुणी तक्रार करणार नाही.